कान्हेरीच्या पोढ्या

कान्हेरीला येणारे बहुतेक जण तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, ओसरीतील सुमारे सात मीटर उंच बुद्धमूर्ती पाहून परत फिरतात. माझा मात्र या डोंगरावरचा सगळा जीव पाण्याच्या टाक्यांत गुंतला आहे, आणि ती पाहायची तर पाऊस ओसरताना यावे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या १०३ चौरस किलोमीटरांच्या आसपासच्या जंगलात, साग, कुडा आणि कारवीच्या गर्दीत, शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. त्यांपैकी पुष्कळांच्या अंगणालगत खडकात खोल खोदलेले टाके आहे आणि माथ्यावरचे पाणी त्यात वळवणारे पन्हळ उतारावर कोरलेले आहेत. चार महिने धो धो कोसळणारा पाऊस उरलेल्या आठ महिन्यांसाठी साठवून ठेवल्याशिवाय एवढा मोठा भिक्षुसंघ या डोंगरावर राहूच शकला नसता. कल्याण, सोपारा, चौल येथील दात्यांनी लेण्यांबरोबर ही टाकीही दान दिल्याचे शिलालेख सांगतात. त्या प्राकृत लेखांत लेण्याला ‘लेण’ आणि टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. पहिला शब्द आपल्या तोंडी टिकला आणि दुसरा गेला, याची मला खरोखर हळहळ वाटते.

खडकही इथला वेगळा आहे. अजिंठा, कार्ले, भाजे ही लेणी काळ्या बेसॉल्टमध्ये आहेत. कान्हेरीचा पाषाण मात्र ज्वालामुखीच्या उद्रेकात फुटलेल्या दगडांचे लहानमोठे तुकडे राखेत सांधले जाऊन घडला आहे. भूशास्त्रज्ञ त्याला ब्रेशिया म्हणतात. भिंतीवरून तळवा फिरवला की निरनिराळ्या रंगांचे टोकदार तुकडे हाताला लागतात, आणि अशा विजोड दगडात छिन्नी चालवणाऱ्या पाथरवटाने एकसंध खांब कसा उभा केला असेल, या विचाराने मी दर वेळी तिथे रेंगाळतो.

नव्वदाव्या लेण्यात इथे येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावे कोरली आहेत. त्यांवरच्या तारखा १००९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या आणि १०२१च्या ऑक्टोबरातल्या आहेत. म्हणजे तेही पावसाळा संपताच आले होते, आणि तेव्हा या पोढ्या काठोकाठ भरलेल्या असणार.