पोर्ट ब्लेअर: वार बघून, सूर्य बघून

अंदमानला जाणारे बहुतेक जण पोर्ट ब्लेअरला बोट बदलण्यापुरते थांबतात. अर्ध्या दिवसात सेल्युलर जेल उरकायचं आणि पुढे स्वराज द्वीप गाठायचं, असं पॅकेजवाल्यानं बसवलेलं असतं. मग बुधवारी रॉस बेट बंद, रविवारी चॅथमची आरागिरणी बंद, सोमवारी समुद्रिका संग्रहालय बंद, असं करत शहर हातचं जातं. इथे हॉटेल आणि भाव यांच्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या असतात: कोणत्या वारी उतरायचं आणि दिवस किती वाजता सुरू करायचा.

नावाचं आधी सांगतो. १३ सप्टेंबर २०२४ ला शहराचं नाव श्रीविजयपुरम झालं. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये रॉस बेट नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हॅवलॉक स्वराज द्वीप आणि नील शहीद द्वीप झालं. बुकिंग करताना जुनी-नवी दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका. रिक्षावाला अजून जुन्याच नावानं पटकन समजतो.

आपण निघणार नागपूरहून, आणि तिथून थेट विमान नाही. चेन्नई किंवा कोलकात्याहून विमानानं साधारण दोन-सव्वादोन तास लागतात. बंगळूर, हैदराबाद किंवा दिल्ली करूनही जाता येतं. पैसे वाचवायचे असतील तर तमिळनाडू एक्सप्रेस किंवा ग्रँड ट्रंक एक्सप्रेसनं चेन्नई गाठा, दुसऱ्या दिवशी पहाटे-सकाळी पोचता. चेन्नई सेंट्रलच्या बाहेरच मेट्रो आहे आणि ती थेट विमानतळावर नेते, टॅक्सीच्या भानगडीत पडायचं कारण नाही. फक्त गाडी पोचते त्याच सकाळचं विमान धरू नका. ग्रँड ट्रंक मार्गावर तीन-चार तासांचा उशीर ही बातमी नसते, आणि रेल्वेच्या उशिरासाठी विमान कंपनी तिकीट फुकट बदलून देत नाही. चेन्नईत एक रात्र काढणं स्वस्त पडतं. हावड्याकडून जायचं तर गीतांजली किंवा आझाद हिंद आहे, पण हावडा स्टेशन ते दमदम विमानतळ हे अंतर कोलकात्याच्या रहदारीत दीड तासही खातं. दोन वेगळ्या कंपन्यांची विमानं जोडत असाल तर मध्ये निदान चार तास ठेवा. सामान काढून पुन्हा द्यावं लागतं.

भारतीयांना पोर्ट ब्लेअर, स्वराज द्वीप, शहीद द्वीप यांसाठी कसलाही परवाना लागत नाही. निकोबार आणि आदिवासी राखीव क्षेत्र वेगळं, तिथे पर्यटक म्हणून जाताच येत नाही असं धरून चाला. मूळ ओळखपत्र मात्र प्रत्येकाचं हवं, लहान मुलांचंसुद्धा. बोटीच्या जेट्टीवर ते बघतात.

आता सूर्य. घड्याळ नागपूरचंच, पण शहर आपल्या पूर्वेला सुमारे साडेतेरा अंश. डिसेंबरात नागपुरात पावणेसातला उजाडतं, तिथे साडेपाचला. आणि संध्याकाळी पाचच्या ठोक्याला सूर्य गेलेला असतो. आपल्याकडचे लोक सवयीनं नऊला नाश्ता करून दहाला बाहेर पडतात, तेव्हा तिथला तिसऱ्या हिश्शाहून जास्त उजेड संपलेला असतो. चिडिया टापूचा सूर्यास्त बघायला साडेपाचला पोचणारी गाडी रोज दिसते. ती अंधार बघून परत येते. शहरापासून ते पंचवीस किलोमीटर आहे, रस्ता वळणांचा, तेव्हा हिवाळ्यात तीनला निघा. पाच वाजता उठून सहाला बाहेर, दुपारी झोप आणि रात्री नऊला गुडूप, हे वेळापत्रक पहिल्याच दिवसापासून धरलं तर सगळं बसतं.

वारांचं गणित असं: सोमवारी समुद्रिका हे नौदलाचं संग्रहालय, जॉली बॉय बेट आणि बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा बंद. बुधवारी रॉस. रविवारी चॅथमची आरागिरणी. म्हणून मंगळवारी उतरणं सोयीचं. त्या दुपारी जेल आणि संध्याकाळी तिथलाच लाइट अँड साउंड शो, बुधवारी सकाळी चॅथम, मग समुद्रिका आणि पुढे चिडिया टापू, गुरुवारी रॉस. शुक्रवारी बोटीनं स्वराज द्वीप, रविवारी परत शहरात, सोमवारी विमान. जॉली बॉय हवं असेल तर गुरुवारनंतर एक दिवस वाढवा, त्याच दिवसात कोंबू नका.

सेल्युलर जेलला दोन तास तरी द्या, तीन दिले तर उत्तम. दुपारी साधारण साडेबारा ते दीड तिकीटखिडकी बंद असते, त्यामुळे बाराला पोचलात तर धावपळ होते. १८९६ ला बांधकाम सुरू झालं, १९०६ ला संपलं. मधल्या मनोऱ्यापासून सात तिमजली शाखा निघालेल्या होत्या, आज तीनच उभ्या आहेत. पाडलेल्या जागेवर शहराचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. एकूण ६९३ कोठड्या, प्रत्येक साडेचार मीटर बाय पावणेतीन मीटरच्या आत, झरोका तीन मीटरवर. एका शाखेच्या दारांसमोर दुसऱ्या शाखेची पाठ येते, म्हणून कैद्याला समोर दुसरा कैदी कधीच दिसत नसे.

बहुतेक जण थेट सावरकरांच्या कोठडीकडे जातात. वरच्या मजल्यावर, शाखेच्या अगदी टोकाला ती आहे. लिफ्ट नाही, जिना चढावाच लागतो. गुडघेदुखीवाल्यांनी खालच्या मजल्यावरची कुठलीही कोठडी बघितली तरी मापं तीच. सावरकरांना १९११ मध्ये इथे आणलं आणि १९२१ मध्ये मुख्य भूमीवर हलवलं. थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते. कोठडीत शिरण्याआधी दाराचा कडीकोयंडा नीट बघा. लोखंडी दांडा दारापासून बाजूला भिंतीत जातो आणि कुलूप त्या भिंतीतल्या कोनाड्यात लागतं. गजांतून हात बाहेर काढला तरी तो कुलपापर्यंत पोचत नाही. फलकापेक्षा हे जास्त सांगतं. अंगणातल्या शेडमध्ये कोलू म्हणजे तेलाचा घाणा ठेवलेला आहे, त्यावर दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायची सक्ती होती. मनोऱ्यात संगमरवरी फलकांवर कैद्यांची नावं प्रांतवार कोरली आहेत, मुंबई प्रांताचा फलक शोधा. अधिकृत मार्गदर्शक घ्या, पण दर आधी ठरवा आणि गट मोठा असेल तर त्याच्या जवळ राहा, आवाज उघड्यावर विरतो.

लाइट अँड साउंड शोचं तिकीट डिसेंबरात आदल्या दिवसापर्यंत संपतं. हिंदी आणि इंग्रजी खेळ वेगळे असतात, बुकिंग करताना भाषा बघा. बसायचं उघड्यावर. पाऊस आला तर खेळ थांबतो आणि डास मात्र थांबत नाहीत, तेव्हा मलम लावून जा.

चॅथम मला शहरातली सर्वात कमी लेखलेली जागा वाटते. १८८३ ची आरागिरणी, छोट्या पुलानं जोडलेल्या बेटावर. ओंडका पाण्याकडून आत येतो आणि फळी होऊन बाहेर पडतो, तो सगळा क्रम चालत बघता येतो. पडाऊक लाकडाचा लालसर रंग तिथेच ओळखायला शिका, म्हणजे बाजारात रंगवलेलं लाकूड पडाऊक म्हणून विकणारा फसवू शकणार नाही. दुसऱ्या महायुद्धातला बॉम्बचा खड्डा आवारातच आहे. कामगारांच्या वेळा लवकरच्या असतात, तीननंतर गेलात तर बंद पाती बघाल. चप्पल नको, बूट घाला. जमिनीवर लाकडाच्या ढलप्या असतात.

चॅथमच्याच जेट्टीवरून वाहनं नेणारी फेरी पलीकडे बांबू फ्लॅटला जाते. तिकडून माऊंट हॅरिएट, आता माऊंट मणिपूर: १८९१ च्या इंग्रज-मणिपूर युद्धातले कैदी इथे ठेवले होते, म्हणून २०२१ मध्ये नाव बदललं. गाडी फेरीवर चढवली नाही तर रस्त्यानं लांबचा वळसा पडतो. जाताना जुनी तांबड्या रंगाची वीस रुपयांची नोट खिशात ठेवा. तिच्या पाठीमागचं नारळ आणि दीपगृहाचं चित्र याच डोंगरावरून नॉर्थ बेकडे बघून घेतलेलं आहे, आणि ती जागा जुळवून बघता येते. खाली होपटाऊनला ८ फेब्रुवारी १८७२ रोजी शेर अली या कैद्यानं व्हाइसरॉय मेयोला मारलं.

रॉसची बोट राजीव गांधी वॉटर स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सवरून सुटते, पंधरा-वीस मिनिटांत पोचते. १९४१ च्या भूकंपापर्यंत इंग्रजांचा सगळा कारभार या बेटावर होता: चर्च, बेकरी, अधिकाऱ्यांचा क्लब. आता त्या भिंती वडाच्या मुळांनी धरून ठेवल्या आहेत आणि जपानी बंकर तेवढे धडधाकट आहेत. हरणं माणसाळलेली आहेत, हातातला कागदही ओढून खातात. दलाल रॉस, नॉर्थ बे आणि व्हायपर अशी तीन ठिकाणं एका तिकिटात विकतात. त्यात रॉसला जेमतेम तासभर मिळतो आणि उरलेला वेळ नॉर्थ बेच्या वॉटर स्पोर्ट्सच्या स्टॉलवर जातो. पाण्याचे खेळ करायचे नसतील तर फक्त रॉसची फेरी मागा, सकाळच्या पहिल्या बोटीनं जा.

जॉली बॉयची बोट वांडूरहून निघते, शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर. परवाना आधी काढावा लागतो. बेट हिवाळ्यात उघडं, पावसाळ्यात त्याऐवजी रेड स्किन बेट. प्लॅस्टिक नेता येत नाही. पाण्याच्या बाटलीसाठी अनामत घेतात, बाटली परत दाखवली की पैसे परत. बेटावर खायला काही मिळत नाही, डबा स्टीलचा न्या. प्रवाळ बघताना अपेक्षा बेताची ठेवा: २०१० च्या उष्ण समुद्रानं बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलं. पोहता येत नसेल तरी रबरी ट्यूब धरून बघता येतं, पण प्रवाळावर पाय टेकवायचा नाही. वांडूरच्या किनाऱ्यावर पोहायचं तर जाळी लावलेल्या भागातच, कारण खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर आहेत. गार्ड शिट्टी वाजवतो ती उगाच नाही.

बाराटांगबद्दल थोडक्यात. जिरकाटांग चौकीवरून वाहनांचा पहिला ताफा सकाळी ६ ला सुटतो, त्यासाठी हॉटेलातून तीन-साडेतीनला निघावं लागतं. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खाऊ टाकायचा नाही. कायद्यानं तुरुंग आहे. "आदिवासी दाखवतो" म्हणणाऱ्या ड्रायव्हरची गाडी घेऊ नका.

शहर चढ-उताराचं आहे. स्कूटर भाड्यानं घेताना आधी ब्रेक बघा, मग पेट्रोल. आपल्या सपाट रस्त्यांवर शिकलेला हात उतारावर फक्त पुढचा ब्रेक दाबतो आणि ओल्या रस्त्यावर गाडी घसरते. रिक्षाला मीटर नाही, बसण्याआधी बोला. मोहनपुरा बस स्टँडवरून वांडूर, चिडिया टापूच्या सरकारी बस सुटतात, स्वस्त आहेत, फक्त परतीची शेवटची वेळ कंडक्टरला विचारून ठेवा.

भाषेचा प्रश्न येत नाही. बंगाली, तमिळ, तेलुगू घरचे लोक आपसात हिंदी बोलतात, कैद्यांचे वंशज स्वतःला "लोकल बॉर्न" म्हणवतात, आणि भारताच्या मुख्य भूमीला सगळे "मेनलँड" म्हणतात. मासळी, नारळ, केळी, सुपारी इथलीच; कांदे-बटाटे जहाजानं येतात. जहाज लांबलं की भाव चढतो आणि थाळीतली भाजी पातळ होते. मासळी ताजी हवी तर जंगलीघाटचा बाजार. शाकाहाऱ्यांची इडली-डोशावर उत्तम सोय होते, फक्त सावजीची तिखटाची सवय असलेल्यांनी घरची चटणी न्यावी. मार्च-एप्रिलमध्ये धनीखाडी धरणाचं पाणी उतरतं आणि शहरात पाणी जपून सोडतात, हॉटेल घेताना टाकीची चौकशी करा. खोली एसीचीच घ्या. आपला कूलर इथल्या दमट हवेत फक्त ओलावा वाढवेल. चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२० ला आल्यापासून शहरात इंटरनेट आणि यूपीआय चालतं, बाहेरच्या बेटांवर रोख ठेवा.

बोटींसाठी: खासगी जलद बोट स्वराज द्वीपला दीड-दोन तासांत नेते, डिसेंबरची तिकिटं काही आठवडे आधी काढावी. सरकारी बोट स्वस्त, पण जागा मर्यादित आणि बेटवासीयांना आधी. मळमळीची गोळी बोट सुटण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात टिकत नाही. खालच्या मजल्यावर मधली-मागची जागा कमी हलते. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून बेटावरून परतण्याचा आणि विमानाचा दिवस कधीही एक करू नका. त्या रविवारच्या संध्याकाळी कॉर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्यावर जा किंवा अबर्डीन बाजारात भटका.

शिंपले विकत घेतले तर बिल जपून ठेवा, सरकारी सागरिका एम्पोरियममधून घेतले तर कटकट कमी. किनाऱ्यावरून उचललेलं प्रवाळ आणि शंख बॅगेत टाकू नका. विमानतळाच्या स्कॅनरवर ते दिसतं, बॅग उघडली जाते, माल जप्त होतो आणि वन विभागापर्यंत प्रकरण गेलं तर विमान सुटतं.