कारवानच्या कानातलं कुसळ

दिवाळीनंतरच्या आठवड्यात जतकडच्या एका मेंढपाळ मामांनी कारवान कुत्रा दाखवायला आणला. डावा कान उशीसारखा फुगलेला, मान त्याच बाजूला कललेली. आधी दोनदा सुईनं रक्त काढून झालं होतं. दोन्ही वेळा कान पुन्हा भरला.

"डॉक्टर, एकदाचा चिरूनच टाका."

"चिरू मामा, पण आधी आत बघू."

कुत्रा कान झटकत राहिला की पाळीतल्या कूर्चेच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आतल्या बाजूनं साठतं. झटकण्याचं कारण तसंच राहिलं, तर सुई मारून काय उपयोग? कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते, मग जवळजवळ काटकोनात पडद्याकडे वळते. वरून बॅटरी मारली तर वळणापर्यंतच दिसतं. भूल देऊन पाळी बुडाशी धरली, वर आणि बाहेर ओढली, तेव्हा नळी सरळ झाली आणि ऑटोस्कोप (कानात बघायची दिव्याची नळी) आत गेला. पू टिपल्यावर पडद्याच्या अलीकडे कुसळ दिसलं. माळावरच्या कुसळी गवताचंच. त्याच्या टोकावरचे केस मागे वळलेले असतात आणि शेपटीचा पीळ ओल लागली की उलगडतो, सुकली की परत बसतो, त्यामुळे ते पुढेच सरकत जातं. शेपटी ओढली तर तुटते आणि दाणा आत राहतो. म्हणून लांब चिमट्यानं दाणाच पकडला.

पडदा शाबूत असल्याची खात्री केली, मगच कोमट सलाईननं कान धुतला. पडदा फाटलेला असता, तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे थेंब आतल्या कानात उतरून बहिरेपण आणू शकतात. ही घाई मला फार खटकते. आत न बघताच थेंब लिहून दिले जातात.

मग पाळीच्या आतल्या बाजूनं उभा छेद घेतला, गुठळ्या काढल्या, पोकळी धुतली. टाके आरपार, सेंटिमीटरभर अंतरानं आणि उभेच. रक्तवाहिन्या बुडाकडून शेंड्याकडे जातात. आडवे टाके त्यांना आवळतात आणि कडेचं कातडं मरतं. छेदाच्या कडा मात्र एकमेकींना शिवल्या नाहीत, दोन-तीन मिलिमीटर फट ठेवली, म्हणजे पाझर बाहेर येतो. दुसरा कानही तपासला, तो स्वच्छ होता.

तीन आठवड्यांनी टाके काढले. पाळीला शेंड्याशी थोडी सुरकुती राहिली होती. बाहेर टेम्पोत मेंढी ओरडली आणि दोन्ही कान एकदमच तिकडे वळले.