सदुसष्टचे छत्तीस कसे झाले

भोसरी एमआयडीसीतल्या एका ड्रोन कंपनीची कॉस्ट शीट, म्हणजे खर्चाचा तक्ता, आमच्याकडे तपासायला आली होती. लष्कराच्या आरएफपीत (बोली मागवणाऱ्या दस्तऐवजात) बोली लावायची होती, प्रवर्ग बाय (इंडियन-आयडीडीएम), म्हणजे भारतात आरेखन, विकास आणि उत्पादन झालेली वस्तू. डीएपी २०२० या संरक्षण खरेदीच्या नियमावलीप्रमाणे या प्रवर्गात किमान ५० टक्के स्वदेशी घटक लागतो. त्याआधीच्या नियमावलीत, डीपीपी २०१६ मध्ये, देशी आरेखन असेल तर ४० टक्क्यांवर भागायचे. कंपनीच्या शीटवर आकडा होता ६७. संध्याकाळी कागद मिटले तेव्हा तो ३६ झाला होता. एका दिवसात ३१ टक्के कुठे गेले, ते लिहून ठेवण्यासारखे आहे. या धंद्यातल्या बहुतेक शीट याच जागांवर फुटतात.

आधी सूत्र. करारातली मूळ किंमत घ्यायची, म्हणजे जीएसटीसारखे कर वगळून. त्यातून चार गोष्टी वजा करायच्या: आयात केलेल्या मालाची किंमत, त्याच्या वाहतुकीसह आणि विम्यासह, परदेशी व्यक्ती किंवा संस्थांकडून घेतलेल्या सेवा, देशाबाहेर दिलेली लायसन्स फी, रॉयल्टी, तांत्रिक शुल्क, आणि इथले कर व शुल्क. उरते ते स्वदेशी. कळीचे शब्द आहेत ‘उत्पादनाच्या सर्व टप्प्यांवर’. तुम्ही कुणाकडून घेतले एवढ्यावर हिशेब थांबत नाही, त्याने कुणाकडून घेतले आणि त्यानेही कुणाकडून, इथपर्यंत जातो.

एका सेटमध्ये दोन ड्रोन, एक ग्राउंड स्टेशन, जादा बॅटऱ्या, चार्जर, पाठीवरच्या बॅगा आणि सुट्या भागांचा संच. सेटची किंमत १०० धरतो आणि आकडे गोल करतो. कंपनीने आयात म्हणून दाखवले होते: थर्मल कॅमेऱ्याचा कोअर १४, डेटालिंक (ड्रोन आणि ग्राउंड स्टेशनमधला रेडिओ दुवा) ९, ऑटोपायलट बोर्ड ४, कार्बन फायबरचे प्रीप्रेग (राळ मुरवलेले कापड) ३, कनेक्टर-अँटेना वगैरे ३. बेरीज ३३. या पाचही ओळींना बिल ऑफ एंट्री (आयातीचा सीमाशुल्क कागद) जोडलेली, मालाच्या वर्गवारीचे एचएसएन कोड जुळलेले. तिथे बोट ठेवायला जागा नव्हती. गडबड होती ती ‘देशी खरेदी’ या रकान्यात.

पहिली ओळ बॅटरीची. बिल रुपयांत, जीएसटी लावलेले, विक्रेता महाराष्ट्रातलाच. सेटमागे खर्च ९. एक पॅक मागवून वरची श्रिंक स्लीव्ह कापली. आत १८ सेल, २१७०० आकाराचे, सहाच्या मालिकेत तीन-तीन समांतर, प्रत्येकावर परदेशी उत्पादकाचा छाप. निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्ड करणे, बॅटरीवर लक्ष ठेवणारा बीएमएस बोर्ड बसवणे, कनेक्टर लावणे आणि स्लीव्ह चढवणे एवढे काम इथले. ते कामही सोपे नाही. वेल्ड कच्चा राहिला तर उड्डाणात जोराचा करंट खेचताना पट्टी तापते आणि ड्रोन खाली येतो. पण हिशेबात सेल परदेशीच. नऊपैकी ६ गेले.

दुसरी ओळ मोटर आणि ईएससीची (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट), खर्च ६. ‘भारतीय विक्रेता’ म्हणून पूर्ण देशी धरलेली. मोटरच्या खालच्या बाजूला विक्रेत्याचे स्टिकर होते. नखाने सोलले तर खाली मूळ कारखान्याचे नाव आणि मॉडेल नंबर लेसरने कोरलेले. बिलावर मूळ देशाचा रकाना कोरा. खरे तर विक्रेत्याचा नफा भारतातच राहिला, तो वजा व्हायला नको. पण आपली आयात किंमत कुठला व्यापारी उघड करतो? कागद नसेल तर पूर्ण रक्कम आयातीत टाकावी लागते. ६ गेले.

गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी चौकट, हैदराबादच्या पुरवठादाराचा, खर्च १०. सोबत लेटरहेडवर एका ओळीचे पत्र: आमचा माल शंभर टक्के भारतीय आहे. असली पत्रे फाइल जाड करतात, बाकी काही नाही. दाखला म्हणजे त्याच्या पातळीवरची तीच वजाबाकी, कॉस्ट शीटसकट. फोन केल्यावर त्यांनी ती पाठवली, आणि प्रामाणिकपणे पाठवली हे नमूद करतो. दिवसाचा कॅमेरा मॉड्यूल, गिंबलच्या छोट्या मोटरी आणि पातळ बेअरिंग बाहेरची. सीएनसीवरचे अ‍ॅल्युमिनियमचे भाग, कंट्रोल बोर्डाची जुळणी आणि स्थिरीकरणाचे सॉफ्टवेअर इथले. ५ गेले, ५ राहिले.

ग्राउंड स्टेशनचा टॅबलेट ७ चा. मागे ‘मेड इन इंडिया’ छापलेले होते. उत्पादकाने खर्चाचा तपशील द्यायला नकार दिला. त्याचीही बाजू आहे, दहा-वीस टॅबलेट घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आतला खर्च कोण सांगेल? ७ गेले. मिशन प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरची परदेशात जाणारी लायसन्स फी ३. आयात भागांची वाहतूक आणि विमा २, सीमाशुल्क २. ही शेवटची दोन्ही शीटमध्ये ‘ओव्हरहेड’ या नावाखाली बसली होती, आणि ओव्हरहेड देशी धरला जातो.

६, ६, ५, ७, ३, २, २. बेरीज ३१. आधीचे ३३ धरून ६४. राहिले ३६.

कंपनीच्या लेखापालांचा पहिला प्रश्न होता, पीएलआयमध्ये (उत्पादनावर सरकारी प्रोत्साहन देणाऱ्या योजनेत) तर ४० टक्के मूल्यवर्धन दाखवले होते, मग इथे कमी कसे? दोन्ही हिशेबांचा एकमेकांशी संबंध नाही. ड्रोनच्या पीएलआय योजनेत विक्रीतून ड्रोन व त्याच्या भागांची खरेदी वजा व्हायची, मग ती देशी असो की परदेशी. तिथे सगळा प्रश्न तुमच्या छताखाली काय झाले एवढाच होता. इथे प्रश्न देशाच्या हद्दीत काय झाले. एकाची शीट दुसऱ्याला जोडली की घोळ ठरलेला.

मग दुरुस्तीचा विचार. टॅबलेटऐवजी स्वतः बांधलेले ग्राउंड स्टेशन, लायसन्सच्या जागी स्वतःचे सॉफ्टवेअर, मोटरी इथे वाइंडिंग करणाऱ्याकडून, थर्मल कोअरमध्ये सेन्सर बाहेरचा पण लेन्स आणि बोर्ड इथले. कागदावर हे सगळे धरले तर टक्का पन्नाशीच्या थोडा वर जात होता. पण चाचणीला जे यंत्र उतरते तेच पुढे पुरवायचे असते. मोटर बदलली की उड्डाणाचा वेळ बदलतो, उंचीवर मिळणारी उचल बदलते, कंपनाची वारंवारता बदलते, मग गिंबलचे ट्यूनिंग पुन्हा. जेएसएस ५५५५५ या लष्करी मानकाखालच्या कंपन, उष्णता, दमट हवा आणि पावसाच्या चाचण्याही पुन्हा. चाचण्या ‘नो कॉस्ट नो कमिटमेंट’ तत्त्वावर, म्हणजे खर्च विक्रेत्याचा आणि ऑर्डरची हमी नाही. बोलीच्या मुदतीत हे बसणारे नव्हते. आम्ही ३६ टक्क्यांचा दाखला लिहिला आणि त्या आरएफपीत बोली लागली नाही. हाच आकडा सर्वसाधारण सरकारी खरेदीत ‘क्लास-२ स्थानिक पुरवठादार’ म्हणून चालतो, कारण तिथली अट २० ते ५० टक्क्यांमधली. फक्त खरेदीतले प्राधान्य मिळत नाही, आणि जिथे पुरेसे देशी उत्पादक आहेत असे ठरवलेले असते तिथे दारच बंद.

नियमाबद्दल माझी तक्रार अट कडक असण्याची नाही. ती मोजण्याच्या पद्धतीची आहे. नफा, पगार, ओव्हरहेड हे सगळे स्वदेशीत मोडते. त्यामुळे आयात तीच ६४ ठेवून किंमत १०० ची १२८ केली, तर टक्का बरोबर ५० होतो. एक स्क्रूही बदलायला नको. उलट स्पर्धेत एल-१, म्हणजे सर्वांत कमी बोलीचा, येण्यासाठी कुणी किंमत ९० वर आणली, तर त्याचा स्वदेशी टक्का २९ च्या आसपास घसरतो. कमी नफ्यात काम करणारा नियमाच्या नजरेत जास्त परदेशी! पाच-सहा बोलीदार असतील तिथे एल-१ ची भीती किमतीला धरून ठेवते. दोघेच उरले की ती भीती पातळ होते. रुपया घसरला तरी तेच. डॉलरमधला भाग तोच, शीटवरचा टक्का कमी.

आणि रुपयांत मोजल्याने स्वस्त भाग दिसेनासे होतात. ऑटोपायलट बोर्ड ४ चा. त्यातली मुख्य चिप तर त्याहून कितीतरी स्वस्त. पण सुरक्षेचा खरा प्रश्न तिथेच आहे, ड्रोनला काय ऐकायचे आणि कुणाला काय कळवायचे हे तिथे ठरते. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, तयार ड्रोन आणि जुळणीचे किट दोन्हींवर. सुटे भाग मोकळे राहिले. म्हणूनच शीटवरची गर्दी सुट्या भागांच्या ओळींत आहे.

मोटरचेच पाहा. सेटमागे आठ मोटरी, सुट्या चार. शंभर सेटची ऑर्डर आली तरी १२०० मोटरी. स्टेटरच्या (मोटरच्या स्थिर भागाच्या) पातळ पत्र्यांची डाय, म्हणजे कापायचा साचा, बनवायला एवढ्या संख्येवर कुणी पैसे घालत नाही. त्याला पुढच्या वर्षीही ऑर्डर येईल याची खात्री हवी. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संरक्षण खरेदी नियमपुस्तिकेत देशात विकसित केलेल्या वस्तूंना पाच वर्षांपर्यंत ठरावीक संख्येच्या ऑर्डरची हमी देण्याची सोय आहे, विकासाच्या टप्प्यात विलंबाचा दंड नाही. पाऊल योग्य आहे. पण ती पुस्तिका महसुली, म्हणजे देखभाल-दुरुस्तीसारख्या नित्याच्या, खर्चाच्या खरेदीची, आणि हमी मिळणार ती सैन्याला थेट पुरवणाऱ्याला. मोटर गुंडाळणारा दोन पायऱ्या खाली आहे. वरच्याने ती हमी लेखी खाली उतरवलीच पाहिजे, अशी अट करारात घातली तरच डाय बनेल.

त्या मोटरच्या आत निओडिमियमचे चुंबक आहे. तापमान सहन करणाऱ्या ग्रेडमध्ये डिस्प्रोसियम किंवा टर्बियम असते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा चुंबकांच्या निर्यातीवर परवाना लावला, आणि माल मागणाऱ्याला तो लष्करी वापरासाठी नाही असे लिहून द्यावे लागू लागले. आमच्या शीटवर सेटमागे चुंबकांचा वाटा एक टक्कासुद्धा भरत नाही. संरक्षणाचा पुरवठादार ते पत्र लिहून देऊ शकत नाही. म्हणजे ९९ टक्के स्वदेशी मोटरही चुंबकाविना अडून राहील.

आता आम्ही शीटमध्ये टक्क्याशेजारी तीन रकाने सक्तीचे केले आहेत: भाग मुळात कुठल्या देशातला, दुसरा पुरवठादार आहे का, आणि नसेल तर साठा किती महिन्यांचा. दाखल्यासाठी यातला एकही मागितला जात नाही. डीएपीच्या पुढच्या आवृत्तीत निदान पहिला तरी मागावा, तिसऱ्या पायरीपर्यंत. त्यासाठी लागणारी माहिती गोळा करायला एक दिवस आणि काही फोन पुरतात, टॅबलेटवाला बोलला तर.