चौघांचा महिना: कडधान्य, भाकरी आणि पालेभाजी

हात आखडता घ्यायची वेळ आली की घरोघरी आधी डाळ पातळ होते. बिस्किटं, फरसाण आणि नूडल्सची पाकिटं मात्र यादीत तशीच राहतात. म्हणून मी यादी डाळी-कडधान्यांपासून सुरू करते. दोन मोठी माणसं आणि दोन शाळकरी मुलं धरून महिन्याला ३ किलो डाळी, ३ किलो कडधान्यं, दीड किलो शेंगदाणे आणि अडीच लिटर तेल लागतं. डाळ-कडधान्य मिळून माणशी रोजचे ५० ग्रॅम होतात. त्यात १०-१२ ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणजे जवळपास दोन अंड्यांइतकी. याच्या खाली मी उतरत नाही.

प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड असेल तर माणशी ५ किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ते नियमित उचलावं. गहू-तांदळाचे वाचलेले पैसे मटकी, मूग, हुलगे, चवळीकडे वळवावेत. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून एकदम माल आणून वाटून घेतला, तर गल्लीतल्या दुकानापेक्षा स्वस्त पडतो. पाच-पाच किलोंसाठी एकट्याने जायचं, तर रिक्षाभाड्यातच फायदा संपतो.

खरी गाडी अडते ती भिजत घालण्यावर. विसरलं की संध्याकाळी पाव नाहीतर मॅगी येते. म्हणून सकाळच्या डब्यांबरोबरच मी मटकीचं पातेलं मांडते. चौघांच्या एका वेळच्या उसळीला २०० ग्रॅम मटकी पुरते. मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त भरते. सकाळी ७ ला भिजवलेली मटकी संध्याकाळी ५-६ ला उपसायची. ताटात पसरून बोटांनी चाळवली की गणंग लगेच कळतात: फुगलेला दाणा बोटाखाली दबतो, गणंग खड्यासारखा घसरतो आणि ताटात टाकला तर टणकन वाजतो. ते आत्ताच काढले नाहीत तर उसळीत दाताखाली येतात. मग मटकी दोन पाण्यांनी धुऊन, पूर्ण निथळून ओल्या फडक्यात सैल बांधायची. उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी मोड तयार असतात. पुण्याच्या थंडीत पूर्ण दिवस लागतो, तेव्हा पुरचुंडी झाकणाच्या डब्यात घालून गॅसच्या ओट्यावर ठेवते. बुळबुळीतपणा आणि वास येतो तो तळाशी राहिलेल्या पाण्यामुळे, नाहीतर फडकं आवळून बांधल्यामुळे. मोडच आले नाहीत तर माल जुना आहे, दुकान बदला.

टँकर-बोअरवर असलेल्या भागात कडधान्य शिजत नाही अशी तक्रार हमखास ऐकू येते. पाणी जड असलं की साल मऊ पडत नाही. तिथे भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं पाणीच वापरावं. आमसूल, चिंच, टोमॅटो दाणा शिजल्यावरच घालावं, आंबटाने दाणा ताठरतो. सोडा मी टाळते, त्याने ब जीवनसत्त्व जातं.

भाकरीच्या पिठाचं गणित वेगळं. दळण एका वेळी ३-४ किलोच. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरीच्या कडा फुटतात; तेव्हा उकळत्या पाण्यात भिजवून मळलं तर निभावतं. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, ते आठवड्याभरात कडवट होतं, म्हणून बाजरी एकदीड किलोच दळावी. गिरणीत ज्वारी ज्वारीवरच दळून घ्यावी. आधी हरभराडाळ दळली असेल तर तिचं पीठ आपल्यात येतं. मुलांसाठी आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी किंवा आंबील करते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, इतर कुठल्याही रोजच्या धान्यात ते इतकं नाही.

पालेभाजीला मंडईत संध्याकाळी उशिरा जावं, उरलेल्या जुड्या स्वस्तात सुटतात. पण त्या त्याच रात्री निवडायला हव्यात, नाहीतर सकाळपर्यंत आतून सडतात. न धुता, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवायच्या. धुवायच्या चिरण्याआधी, चिरल्यावर नाही. मुळ्याचा पाला, कोथिंबिरीचे देठ, दोडक्याच्या शिरा फेकू नयेत. शिरांची तीळ-खोबरं घालून केलेली चटणी भाकरीबरोबर भाजीची जागा घेते.

माठ, मेथी किंवा उसळीबरोबर ताटात लिंबाची फोड हवीच, तिने लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा घेतला तर तेच लोह वाया जातं, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्यावा.