तुम्ही विचारलंत म्हणून : लिनक्स टाकल्यावर रुंद पडदा ताणलेला का दिसतो?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून जुन्या पण धडधाकट संगणकांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू (लिनक्सच्या दोन आवृत्त्या) टाकून घेणारे माझ्या ओळखीत बरेच वाढले. त्यांच्याकडून येणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : मॉनिटर रुंद आहे, विंडोजमध्ये सारे व्यवस्थित दिसत होते, मग लिनक्समध्ये अक्षरे आडवी फताडी का झाली, आणि डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये १०२४×७६८ च्या वरचे काही निवडायलाच का मिळत नाही?

याचे कारण बहुतांशी दोहोंपैकी एक असते. एक तर मॉनिटरने स्वतःबद्दल दिलेली माहिती लिनक्सपर्यंत पोहोचलेली नसते, नाहीतर ती वापरणारा ग्राफिक्स ड्रायव्हरच (ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) सुरू झालेला नसतो. या दोन दुखण्यांची औषधे अगदी वेगळी आहेत. तरीही सर्वत्र मिळणारा सल्ला एकच असतो, तो म्हणजे चार आज्ञा टाइप करून हवे ते रिझोल्यूशन (पडद्यावर आडवे-उभे किती ठिपके दिसावेत तो आकडा) संगणकावर लादण्याचा. तो सल्ला मला पटत नाही, कारण कधी तो लागू पडतो तर कधी पडत नाही, आणि लागू पडला तरी मूळ बिघाड तसाच राहतो.

प्रत्येक मॉनिटरच्या आत ईडीआयडी नावाचा माहितीचा एक लहानसा तुकडा साठवलेला असतो. त्याचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटांचा असतो. मॉनिटर कोणाचा, त्याची लांबी-रुंदी किती सेंटिमीटर आणि त्याला कोणती रिझोल्यूशने कोणत्या गतीने दाखवता येतात, हे सारे त्यात नोंदलेले असते. संगणक सुरू होताना ग्राफिक्स कार्ड केबलमधल्या दोन बारीक तारांवरून हा तुकडा वाचते. तो वाचता आला नाही, तर लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, मॉनिटरविषयी काहीच गृहीत धरत नाही आणि बहुतेक कोणत्याही पडद्याला झेपेल अशा १०२४×७६८ पर्यंतच्याच पर्यायांवर थांबते. ज्या मॉनिटरवर १३६६×७६८ ठिपके आहेत, त्यावर हे चित्र उंचीला तंतोतंत बसते आणि रुंदीला मात्र एक तृतीयांशाने ताणले जाते. वर्तुळे लंबगोल दिसतात आणि देवनागरीची शिरोरेषा पुसट होते, ते यामुळे.

आता तपास करू. टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून ‘एक्सरँडर’ ही आज्ञा द्यावी आणि आकड्यांच्या आधी जोडणीचे नाव पाहावे. तिथे एचडीएमआय-१, व्हीजीए-१ किंवा डीपी-१ असे काही लिहिलेले असेल, तर ड्रायव्हर जागेवर आहे. तिथे नुसते ‘डिफॉल्ट’ किंवा ‘नन-१’ लिहिलेले असेल, किंवा वर गॅमाचा आकार मिळाला नाही अशी तक्रार उमटली असेल, तर खरा ड्रायव्हर चालूच नाही आणि पडदा केवळ बूट होताना मिळालेल्या तात्पुरत्या सोयीवर उभा आहे. सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्सपुढे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसणे हीदेखील त्याचीच खूण आहे, कारण अशा वेळी चित्र काढण्याचे सगळे काम मुख्य प्रोसेसरवर पडते.

ड्रायव्हर चालू नसण्याचे मला वारंवार आढळलेले कारण म्हणजे ‘नोमोडसेट’ हा एक शब्द. लिनक्स पहिल्यांदा टाकताना पडदा काळा पडला, की हा शब्द बूट करताना जोडायला सांगतात. त्या वेळेपुरता तो योग्यही असतो, कारण तो कर्नलला ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवायला सांगतो. पुढे कोणाच्या तरी सांगण्यावरून तो ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये कायमचा लिहिला जातो, आणि मग काहीही केले तरी एकच रिझोल्यूशन मिळते. ‘प्रॉक’ फोल्डरातल्या ‘सीएमडीलाइन’ या फाइलीत कर्नल कोणत्या सूचनांसह सुरू झाले ते दिसते. तिथे हा शब्द सापडला, तर तो ग्रबच्या सेटिंगमधून काढावा, ‘अपडेट-ग्रब’ चालवावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. एनव्हिडियाचे कार्ड असेल आणि कंपनीचा ड्रायव्हर घेतलेला असेल, तर आणखी दोन गोष्टी तपासाव्यात : नवीन कर्नल आल्यावर ड्रायव्हरचे मोड्यूल (कर्नलला जोडला जाणारा त्याचा भाग) त्यासाठी पुन्हा बांधले गेले का, आणि सिक्युअर बूट (विश्वासू सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असल्यामुळे सही नसलेले मोड्यूल अडवले गेले का.

ड्रायव्हर ठीक असेल, तर लक्ष केबलकडे वळवावे. ‘सिस’ फोल्डरात ‘क्लास’ आणि त्यात ‘डीआरएम’ या ठिकाणी प्रत्येक जोडणीचा एक फोल्डर असतो आणि त्यात ‘ईडीआयडी’ नावाची फाइल असते. फाइलींच्या यादीत तिचा आकार नेहमी शून्यच दिसतो, त्यावर विसंबू नये. ती ‘कॅट’ने वाचून ‘डब्ल्यूसी’ने बाइट मोजावेत. उत्तर १२८ किंवा २५६ आले, तर माहिती पोहोचते आहे. शून्य आले, तर मॉनिटर आणि कार्ड यांच्यामध्ये काहीतरी तुटलेले आहे.

एका गावातल्या वाचनालयाच्या संगणकावर हेच झाले होते. मॉनिटर चांगला, कार्ड इंटेलचे, ड्रायव्हर चालू आणि तरी बाइट शून्य. व्हीजीए केबलचे टोक उजेडात धरून पाहिले, तेव्हा पंधरांपैकी काही पिना मुळात बसवलेल्याच नव्हत्या. व्हीजीएमध्ये नववी पिन नसणे पुष्कळदा आढळते, पण इथे बारावी आणि पंधरावीही नव्हती, आणि ईडीआयडी नेमका त्याच दोन पिनांवरून येतो. लाल, हिरवा, निळा हे रंग वेगळ्या पिनांवरून जात असल्यामुळे चित्र स्वच्छ दिसत होते आणि केबलवर कोणाचा संशय गेला नव्हता. केबल बदलताच १३६६×७६८ आपोआप आले, एकही आज्ञा द्यावी लागली नाही. म्हणून कोणत्याही फाइलीला हात लावण्याआधी दुसरी केबल लावून पाहा, असे मी आग्रहाने सांगतो. स्वस्तातले एचडीएमआय-ते-व्हीजीए अ‍ॅडॉप्टर, एका कीबोर्डवर दोन संगणक चालवणारे केव्हीएम स्विच आणि स्प्लिटर हेही ईडीआयडी पुढे पाठवत नाहीत असे अनेकदा आढळते. ते मधून काढून मॉनिटर थेट जोडला, की दोष कोणाचा ते लगेच कळते.

रिझोल्यूशन लादण्याची खरी गरज याच्यानंतर येते, म्हणजे मॉनिटरमधली ती माहितीच खराब झाली असेल किंवा मधला स्विच बदलणे शक्य नसेल तेव्हा. त्यासाठी ‘सीव्हीटी’ ही आज्ञा रुंदी आणि उंची घेऊन मोडलाइन नावाची आकड्यांची ओळ तयार करून देते. ती ओळ ‘एक्सरँडर’ला ‘न्यूमोड’ म्हणून द्यायची, ‘अ‍ॅडमोड’ने जोडणीला लावायची आणि मग निवडायची. इथे दोन ठिकाणी लोक अडतात आणि त्यांना कारण कोणी सांगत नाही.

पहिली अडचण १३६६ या आकड्याची. सीव्हीटीच्या सूत्राला रुंदी आठाच्या पटीत लागते आणि १३६६ ला आठाने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे ती आज्ञा मुकाट्याने १३६८×७६८ ची ओळ देते. फरक दोनच ठिपक्यांचा असला, तरी चित्र पडद्याच्या ठिपक्यांवर नेमके बसत नाही आणि अक्षरांच्या कडा अंधूक होतात. अशा वेळी १३६६ ची प्रमाणित मोडलाइन हाताने लिहावी : पिक्सेल क्लॉक (ठिपके पाठवण्याचा वेग) ८५.५० मेगाहर्ट्झ, मग १३६६, १४३६, १५७९, १७९२, आणि उंचीसाठी ७६८, ७७१, ७७४, ७९८.

दुसरी अडचण १९२०×१०८० ची. सीव्हीटी त्यासाठी १७३ मेगाहर्ट्झचा क्लॉक मागते, पण जुन्या एचडीएमआय आणि सिंगल-लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ आहे. आज्ञा बरोबर असूनही कार्ड ती नाकारते, किंवा मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ म्हणून काळा पडतो. तीच आज्ञा उणे चिन्ह आणि आर जोडून दिली, की ब्लँकिंगचा, म्हणजे चित्राच्या ओळींच्या मधला, रिकामा वेळ कमी केला जातो आणि क्लॉक १३८.५ मेगाहर्ट्झवर येतो. एवढ्याने काम होते.

जुन्या लेखांतून उचललेल्या सल्ल्यांबाबत मात्र सावध राहावे. पूर्वी मॉनिटरची सारी मोजमापे एक्सऑर्गच्या (पडद्यावर चित्र उभे करणाऱ्या प्रणालीच्या) कॉन्फ फाइलीत हाताने लिहावी लागत, आणि इंटेलच्या कित्येक लॅपटॉपच्या व्हिडिओ बायॉसमध्ये (ग्राफिक्सच्या मूळ अंगभूत प्रोग्रॅममध्ये) रुंद पडद्याची रिझोल्यूशनेच नसल्यामुळे ‘९१५रिझोल्यूशन’ नावाचे एक साधन तिथली रिझोल्यूशनांची यादी स्मृतीत बदलून वेळ निभावून नेत असे. २००७ मध्ये रँडआर १.२ (‘एक्सरँडर’ ज्यावर चालते तो एक्सऑर्गचा भाग) आले, २००९ मध्ये कर्नल २.६.२९ पासून मोड (रिझोल्यूशन आणि गती) ठरवण्याचे काम कर्नलकडे जाऊ लागले आणि ती सारी खटपट मागे पडली. आज ती फाइल नव्याने पूर्ण लिहायला गेलात, तर डेस्कटॉप सुरूच न होण्याची शक्यता अधिक.

वेलँडवर (एक्सऑर्गच्या जागी आलेल्या नव्या प्रणालीवर) चालणाऱ्या डेस्कटॉपवर ‘एक्सरँडर’ माहिती दाखवते, पण तिने नवे मोड जोडता येत नाहीत. तिथे ग्रबमध्ये ‘व्हिडिओ’ ही सूचना जोडणीचे नाव आणि रिझोल्यूशन देऊन लिहावी लागते. ‘एक्सरँडर’ ज्याला एचडीएमआय-१ म्हणते, त्याला कर्नल एचडीएमआय-ए-१ म्हणते, म्हणून नाव ‘डीआरएम’ फोल्डरातूनच उतरवून घ्यावे. नाव चुकले, तर सूचना कोणतीही तक्रार न करता वाया जाते.

टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरणाऱ्यांच्या चित्राच्या कडा कापल्या जातात, तो प्रकार निराळा आहे. त्यात रिझोल्यूशन बरोबर असते, टीव्हीच चित्र थोडे मोठे करून दाखवत असतो. त्याच्या मेनूमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा तशा अर्थाचा पर्याय असतो, तो निवडावा आणि लिनक्सकडे काही बदलू नये.

‘एक्सरँडर’ने दिलेला मोड संगणक बंद होताच जातो, म्हणून तो टिकवण्यासाठी त्याच आज्ञा घरच्या फोल्डरातल्या ‘डॉट-एक्सप्रोफाइल’मध्ये लिहिल्या जातात. असे केलेत, तर केबलच्या टोकाला एक चिठ्ठी बांधून तशी नोंद करून ठेवा. उद्या दुसरा मॉनिटर आला आणि लॉगिन केल्यावर पडदा काळा पडला, तर तो बिघडलेला समजून परत पाठवण्याआधी त्या ओळी काढून टाकायला हव्यात, हे संगणक हाताळणाऱ्या पुढच्या माणसाला कळले पाहिजे.