ग्रंथपालांच्या अधिवेशनात पुस्तकं घेऊन गेले त्याची गोष्ट

२०२२ ला माझा कथासंग्रह आला, मीच छापला, ५०० प्रती. त्यातल्या साडेतीनशे आमच्या दिवाणात, नवरा सगळ्यांना सांगायचा की आमची ही साहित्यावर झोपते. मग ओळखीचे एक ग्रंथपाल काका म्हणाले, जानेवारीत जिल्हा ग्रंथालय संघाचं अधिवेशन आहे, लेखक म्हणून थोडं बोला आणि बाहेर टेबल पण लावा.

मी दोन रात्री जागून वाचनसंस्कृतीवर भाषण लिहिलं. पण माझ्या आधी जे चार पाहुणे बोलले त्यांनी वाचनसंस्कृतीचं एक टिपूस शिल्लक ठेवलं नाही, माझा नंबर आला तेव्हा पावणेदोन वाजलेले, मसालेभाताचा वास मांडवात शिरलेला, आणि अध्यक्ष कानात म्हणाले, मॅडम सात मिनिटं. बोलले. प्रश्न विचारा म्हटलं तर मागून एक दादा उठले, "वेतनश्रेणीबद्दल तुमचं काय मत आहे?" सगळे हसले, मी पण हसले, पण तो विनोद नव्हता हे जेवताना कळलं. शेजारी बसलेल्या दादांनी द्रोणात बोट बुडवून हिशोब मांडला. २०२२ च्या ६० टक्के वाढीनंतर ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या ग्रंथालयाला तेव्हा वर्षाचं सरकारी अनुदान ४८ हजार, त्यातलं निम्मं पगारावर, म्हणजे ग्रंथपालाच्या हातात महिन्याला २ हजार. उरलेल्यात पेपर, मासिकं, लाइटबिल, जागा आणि मग पुस्तकं. मी गपचूप जिलेबी खाल्ली.

खरी परीक्षा टेबलावर झाली. मला वाटलेलं लोक ब्लर्ब, म्हणजे मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचतील, कथा कशावर आहेत विचारतील. एका छोट्या गावच्या ग्रंथपाल ताई आल्या, पुस्तक उचललं, बरोबर मधोमध उघडलं आणि दोन्ही अंगठ्यांनी असं मागे वाकवलं की कडकन आवाज आला, माझ्या पोटात गोळा.

"शिलाई नाही ना? नुसतं चिकटवलंय. पंधरा जणांत पानं हातात येतील बघा."

मग पुस्तक उभं धरून कणा बघितला. माझं पुस्तक ९६ पानांचं, कणा बारीक म्हणून प्रेसवाल्याने त्यावर नावच टाकलं नव्हतं आणि मलाही ते कधी खटकलं नव्हतं. ताई म्हणाल्या, "कपाटात उभं लावलं की हे दिसणारच नाही ओ, मागायला कोण येणार?" आठ महिने माझ्या कथांवर कुणी इतकं नेमकं बोललं नव्हतं.

पुढे प्रश्नांची सरबत्ती. कमिशन, म्हणजे किमतीत सूट किती? शासनमान्य यादीत आहे का? पक्कं बिल देताय ना? बिल म्हटल्यावर मी पर्समधून चिठ्ठ्यांचं पॅड काढलं तर ताईंनी कपाळालाच हात लावला, "अहो ऑडिटला काय दाखवू, ही चिठ्ठी?" शेवटी शेजारच्या टेबलवाल्या पुस्तकविक्रेत्या दादांनी वाचवलं. त्यांना मी २० प्रती निम्म्या किमतीत दिल्या आणि त्यांनी आपल्या बिलबुकावर विकल्या. धंदा त्यांचा झाला, पण पुस्तकं २० कपाटांत गेली. भेट म्हणून द्यायला काढलेल्या प्रती मात्र कुणी पटकन घेईना, कारण भेट आली तरी दाखल नोंदवहीत चढवावी लागते, शिक्के मारावे लागतात, कपाटात जागा लागते.

एका रिटायर्ड सरांनी विचारलं, सेंट्रलला प्रत पाठवली का? मला सेंट्रल म्हटलं की रेल्वे आठवते. तर १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठिकाणी प्रती पाठवायच्या असतात, त्यातलं एक मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. स्वतः छापलं म्हणजे प्रकाशक मीच. घरी आल्यावर पहिलं काम ते केलं, उशिरा का होईना. त्या शासनमान्य यादीसाठी ग्रंथालय संचालनालयाकडे पण प्रत पाठवली, त्याचं काय होतंय बघू.

गेल्या महिन्यात त्या ताईंचा फोन आला. "मॅडम, पान ४९ सुटलं. मी बायंडिंगवाल्याकडून शिवून घेतलंय." आणि व्हॉट्सॲपवर फोटो, मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. अकरा तारखा होत्या. त्यातल्या दोन पंधरवड्याच्या वर गेलेल्या, पुढे लाल पेनाने दंड लिहिलेला, एकाला २ रुपये आणि एकाला ५.