करारातली खोली आणि नव्वद चौरस फूट

भाचीचे लग्न ठरले आणि तिने फोनवर विचारले, "मावशी, तुमचा तो लग्नाआधीचा करार मला पाठवशील का?" म्हणून लोखंडी कपाटातली फाईल बऱ्याच वर्षांनी बाहेर काढली. 2013 साली आम्हा दोघांचेही दुसरे लग्न झाले, त्याआधी शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर हा करार केला होता. तीन पाने, नोटरीचा जांभळा शिक्का आणि एकच महत्त्वाचे कलम : गिरगावातली पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाडेहक्काने घेतलेली खोली ह्यांची व त्यांच्यानंतर त्यांच्या मुलीची, माझ्या बँकेतल्या ठेवी माझ्या.

त्याच फाईलमध्ये 2019 चे पासबुकही होते. चाळीचा पुनर्विकास ठरला तेव्हा हक्काच्या क्षेत्रफळाखेरीज नव्वद चौरस फूट विकत घेण्याची मुभा मिळाली, आणि त्यासाठी मी दोन मुदत ठेवी मोडल्या. नवी इमारत होईपर्यंत बाहेर राहण्यासाठी बिल्डरकडून येणारे भाडे आमच्या संयुक्त खात्यात जमा होऊ लागले, त्यातूनच मुलीची फी जाऊ लागली, आणि नव्या जागेच्या करारनाम्यात ह्यांच्या नावाखाली माझे नाव आले. स्टँपपेपरवर जी 'खोली' लिहिली आहे, ती आता जमिनीवर उरलेली नाही. तिचा भाडेहक्क मालकी हक्कात बदलला आहे आणि त्या मालकीत माझे पैसे मुरले आहेत. आम्ही कोणी करार मोडला नाही, पण सहा वर्षे ज्या पद्धतीने संसार केला तिने तो आतून बदलून टाकला.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 62 नुसार दोघांच्या संमतीने जुना करार बदलता येतो. आम्ही मात्र तो लेखी बदललाच नाही, त्यामुळे उद्या वाद झालाच तर तो पासबुकातल्या नोंदींवर आणि कोणाला काय आठवते यावर चालेल. त्याच कायद्याच्या कलम 23 मुळे सार्वजनिक धोरणाला विरोधी असलेला करार अवैध ठरतो, आणि हिंदू विवाहाच्या बाबतीत विवाहपूर्व करारांकडे आपली न्यायालये याच नजरेने पाहत आली आहेत; पोटगीचा हक्क आधीच सोडून देणारी अट तर टिकतच नाही. गोव्याची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या पोर्तुगीजकालीन दिवाणी संहितेनुसार लग्नाआधीचा करार मान्य आहे, पण लग्न लागल्यावर तो बदलता येत नाही. आपल्याकडे करार मुळातच दुबळा, आणि त्यावर रोजचे वागणे येऊन बसते.

वागण्याची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 25 मध्ये कायमची पोटगी ठरवताना दोघांचे उत्पन्न, मालमत्ता यांबरोबरच 'पक्षकारांचे वर्तन' विचारात घेण्याची तरतूद आहे. म्हणजे करारात काहीही लिहिलेले असले तरी मारहाण, दोन वर्षे टाकून जाणे, उत्पन्न लपवणे या गोष्टी वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात विचारल्या जाणारच. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केल्यापासून लपवालपवी आणखी अवघड झाली आहे.

भाचीच्या मसुद्यात 'व्यभिचार केल्यास दहा लाख रुपये' असे एक कलम होते, बहुधा परदेशी नमुन्यावरून उतरवलेले. 2018 पासून व्यभिचार हा गुन्हा राहिलेला नाही, घटस्फोटाचे कारण मात्र तो आहेच; पण नवऱ्याच्या निष्ठेला दर लावून लग्नाला उभे राहायचे, हे मला तरी पटले नाही. मी तिला ते कलम काढायला सांगितले. त्याऐवजी घराचे हप्ते कोणाच्या खात्यातून जातील आणि सासरच्या घराच्या दुरुस्तीला तिने पैसे दिले तर ते भेट की उसने, हे लिहायला सांगितले, आणि दर दिवाळीनंतर दोघांनी तो कागद पुन्हा वाचून बदल झाला असल्यास सह्यांनिशी पुरवणी जोडावी असेही सुचवले.

परवा रात्री जेवणानंतर आमच्याही पुरवणीचा विषय काढला. ह्यांनी चष्मा लावून तिन्ही पाने सावकाश वाचली आणि म्हणाले, "नव्वद फूट तुझेच, ते लिहूच, पण पोरीला आधी विचारू." ती पुण्याहून शनिवारी येते आहे.